उडीचा साज

साल कुणी मांडून ठेवलं नाही आणि राणीचं नावही आता कुणाला आठवत नाही, इतक्या जुन्या काळची ही हकिगत आहे. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी नुसती मान न हलवता खरंच ऐकावी.

एका उंच पठारावर एक राज्य होतं. पठाराच्या एका अंगाला सरळ तुटलेला कडा होता. इतका खोल, की वरून दगड टाकला तर तो पडल्याचा आवाज वर येत नसे. कड्याच्या तळाशी नदी होती आणि नदीकाठी भात लावणाऱ्यांची, मासे धरणाऱ्यांची, होड्या चालवणाऱ्यांची खेडी होती. वरच्यांना आणि खालच्यांना जोडणारी वाट एकच. ती डोंगराला लांब वळसा घालून जाई आणि पावसात जागोजाग ढासळे. एखादा माणूस जीव मुठीत धरून तिच्यावरून जाऊ शके, पण त्याला फार दिवस लागत.

देवाची करणी अशी, की औषधाची झाडं वाढत ती पठारावर आणि ताप येई तो खाली. पाऊस ओसरला की दरवर्षी नदीकाठी हिवताप उठे. वाटेने औषध पोचेपर्यंत ताप आपलं काम उरकून गेलेला असे.

म्हणून त्या राज्यात कड्यावरून उडी घेणारी माणसं होती. पाठीवर थैली, थैलीत रेशमी छत्राची घडी, अंगाला आवळलेले पट्टे आणि कमरेला औषधाची मडकी. झेप घ्यायची, दोरी ओढायची, की छत्र फुलायचं आणि माणूस सावरीच्या म्हातारीसारखा तरंगत नदीकाठच्या वाळूत उतरायचा. परत येताना मात्र तो सगळा पसारा पाठीवर घेऊन लांबच्या वाटेने चढून यावं लागे.

थैली, पट्टे, बकलं, कड्या या सगळ्याला मिळून लोक ‘साज’ म्हणत. घोड्याचा असतो तसा. तो शिवायचा मानही घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या जिनगरांकडेच होता.

केरबा हा त्या राज्यातला सगळ्यांत चांगला जिनगर. घोडा म्हातारा झाला तरी केरबाच्या हातची शिवण उसवत नसे. त्याची बायको लवकर गेली. मागे एकच लेक राहिली, सगुणा. आणि मोठी झाल्यावर सगुणेने काय निवडावं? तिने उडीच निवडली.

केरबाने तिला अडवलं नाही. “तुझी वाट तुझी,” एवढंच तो म्हणाला. पण त्या दिवसापासून तो कड्याच्या बाजूला फिरकला नाही. सगुणा उडीला निघाली की तो दुकानाचं दार आतून लावून घेई आणि ती घरी येईपर्यंत हाताला येईल ते शिवत बसे.

त्याला बोलणं जमत नसे, शिवणं जमे. म्हणून जी भीती त्याला सांगता येत नसे, ती तो साजात शिवून टाकी.

एका वर्षी त्याने खांद्याच्या पट्ट्यावर दुसरा पट्टा चढवला. पुढच्या खेपेला पाठीला टेकणाऱ्या भागात कापसाची जाड गादी भरली. मग छातीवर एका बकलाच्या जागी दोन आली. मग थैलीच्या तळाला कातड्याचा आणखी एक थर लागला. दगडाला घासली तर? काट्यात अडकली तर? वाऱ्याने झोडपलं तर? प्रत्येक ‘तर’साठी केरबाकडे कातड्याचा एक तुकडा तयार असे.

सगुणा एकदा म्हणाली, “आबा, साज जड झालाय हो.”

“मजबूत झालाय,” केरबा म्हणाला आणि सुईत दोरा ओवू लागला.

तेवढ्यावर बोलणं संपलं. त्या घरात बोलणं नेहमी तेवढ्यावरच संपे.

आता सगुणेची बाजू ऐका. छत्र कितीही चांगलं असलं तरी ते काही वाटेल तेवढं वजन पेलत नाही. साज जड झाला, की मडकी कमी करावी लागत. वैद्यबाई औषधं कुटून, मडक्यांत भरून, तोंडं बांधून ठेवत. सगुणा त्यांतली काही उचले आणि काही परत फळीवर ठेवी.

“एवढी राहू द्या बाई. पेलणार नाहीत.”

वैद्यबाई फळीवर राहिलेल्या मडक्यांकडे क्षणभर बघत, आणि ते बघणं सगुणेच्या मनाला लागे. तिथलं एकेक मडकं म्हणजे खालच्या कुणाच्या तरी घरातला ताप होता. सगुणा त्या घरांना ओळखत होती. ती उतरे तिथून जवळच धाकू तारी नावाचा होडीवाला राहायचा. त्याची म्हातारी आई, सोनाई, सगुणेला बघून दरवेळी आधी चूल पेटवी आणि मग औषध कुठाय ते विचारी. “आधी पेज पी,” ती म्हणे. “वाऱ्यातून आलेली पोर तू. पोटात काहीतरी जड असू दे.”

म्हणून सगुणेने एक युक्ती काढली. कड्याच्या टोकाशी जुनी जांभूळ होती आणि तिच्या बुंध्याला मोठी ढोली होती. उडीच्या आधी सगुणा तिथे बसे आणि आबांनी नव्याने जोडलेलं जे जे तिला फुकाचं वाटे ते सोडून ढोलीत ठेवी. हलक्या झालेल्या साजावर ती एखाद-दुसरं मडकं जास्त बांधी. काही वस्तू येताना ती पुन्हा जागच्या जागी लावी, म्हणजे घरी कळू नये. काही मात्र तिथेच राहत. साज इतका भरगच्च झाला होता, की त्यातलं काय गेलं हे केरबाच्याही ध्यानात येत नसे.

तिला आबांना फसवायचं नव्हतं. त्यांचं मन मोडायचं नव्हतं, एवढंच.

बाप न सांगता वाढवी आणि लेक न सांगता काढी. अशी कित्येक वर्षं गेली, काही बिघडलं नाही. काही बिघडत नाही तोवर माणसाला वाटतं, आपण करतो ते बरोबरच आहे.

मग एका वर्षी नदीकाठी ताप फार जोरात आला. खालून धुराची खूण झाली, एका ठिकाणी नाही, अनेक ठिकाणी. वैद्यबाईंच्या पाट्या-वरवंट्याला उसंत राहिली नाही. सगुणेने साज केरबापुढे आणून ठेवला. “एकदा नजर घाला आबा. मला लगेच निघायचंय.”

केरबाने साज मांडीवर घेतला. मांडीला आवळायच्या पट्ट्याची कड झिजलेली त्याला दिसली. त्याने जाड, नव्या कातड्याचा एक पट्टा कापला आणि जुन्याच्या वरून जोडला. मग त्याचा हात थांबला. ‘आबा, साज जड झालाय’ हे लेकीचे शब्द त्याच्या मनात इतके दिवस रुतून बसले होते. त्याला वाटलं, नवा पट्टा सगळा भार घेतोच आहे, मग आतल्या जुन्याने कशाला जड राहायचं? त्याने कातडं तासायची रापी घेतली आणि जुना पट्टा आतल्या अंगाने तासून तासून पातळ केला. कातड्याच्या सालींचा ढीग पायाशी पडला. तो ढीग बघून त्याला बरं वाटलं. लेकीसाठी आपण भार उतरवला, असं त्याला वाटलं.

पण त्याने ते तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

सगुणा कड्यावर आली. मांडीवरचा नवा जाड पट्टा तिच्या हाताला लागला. “आणखी एक,” ती स्वतःशी म्हणाली. जुना पट्टा आत होताच, वर्षानुवर्षं टिकलेला. तिने नवा सोडला, ढोलीत टाकला आणि त्याच्याऐवजी एक मडकं जास्त बांधलं. मग ती कडेला गेली, एक श्वास घेतला आणि झेपावली.

दोरी ओढली. छत्र फुललं. त्या वेळी जो हिसका बसतो तो सगळा मांडीच्या आणि छातीच्या पट्ट्यांवर येतो. तासलेला पट्टा तो हिसका सोसू शकला नाही. कागद फाटावा तसा तो फाटला. सगुणा एका अंगाला कलंडली. एक मांडी मोकळी, छातीचा पट्टा गळ्याशी चढलेला, छत्र तिरकं झालेलं. वाळू राहिली बाजूला आणि वारा तिला नदीच्या खडकांकडे घेऊन गेला.

तिचे प्राण वाचले. खांदा आणि हात मोडला. मडकी मात्र एकूण एक फुटली. धाकू तारी धावत आला तेव्हा खडकांच्या खळग्यांत औषध सांडलेलं होतं आणि नदीचं पाणी ते हळूहळू धुऊन नेत होतं.

सगुणा शुद्धीवर होती. ती रडली ती हातासाठी नाही. “धाकूकाका,” ती म्हणत राहिली, “मडकी बघा. एखादं तरी बघा.”

गावातला एक धडधाकट गडी ढासळलेल्या वाटेने वर निघाला. तो पठारावर पोचला तेव्हा बाकीचे उडी घेणारे दुसऱ्या खेड्यांत उतरून अजून परतीच्या वाटेवरच होते. त्याने वैद्यबाईंना सांगितलं आणि केरबाच्या दारावर थाप मारली. दार आतून लावलेलंच होतं. केरबाने ते उघडलं, त्या माणसाचं ऐकून घेतलं, आणि जन्मात जो खाली उतरला नव्हता तो जिनगर औषधाची कावड खांद्यावर घेऊन वाटेला लागला.

औषध पोचलं, पण त्याला यायला उशीर झाला होता. काहीजण आपल्या अंगच्या ताकदीवर उठले होते. काहीजण उठले नव्हते. सोनाई त्यांतली एक.

धाकूच्या झोपडीत सगुणा भिंतीला टेकून बसली होती. हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला. केरबा आत आला, तिच्या डोक्यावरून त्याने हात फिरवला आणि तिच्यापाशी बसला. मग कोपऱ्यात पडलेला साज त्याने जवळ ओढला. जिनगराचे हात ते, पट्ट्यावर फिरले आणि फाटलेल्या जागी थांबले.

“वरचा पट्टा कुठंय?” त्याने विचारलं.

सगुणेने मान खाली घातली. “मी काढला आबा. वर जांभळीच्या ढोलीत आहे.”

“काढला? का?”

“जड होता. त्याच्या जागी एक मडकं मावलं. आतला पट्टा होताच की. तो कधी दगा देणार नाही, असं वाटलं मला.”

केरबाने पट्ट्याचं फाटलेलं टोक तिच्यापुढे धरलं. मग तो म्हणाला, “आतला मी तासला होता, सगुणा. तुला जड होतं म्हणून. वरचा आहे या भरवशावर.”

दोघांच्या हातांनी मिळून तो पट्टा तोडला होता आणि दोघांपैकी एकाच्याही मनात वाईट नव्हतं.

धाकू दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं. तो आत आला आणि चुलीपाशी बसला. चूल थंड होती.

“केरबा,” तो म्हणाला, “म्हातारी गेल्यापासून मी मनात कुणाला तरी शिव्या देत होतो. वाटायचं, कुणीतरी कामचुकारपणा केला असेल, कुणी नासकं कातडं लावलं असेल. तसा कुणी सापडला असता तर बरं झालं असतं. त्याची गचांडी धरली असती. पण इथं दोन्ही बाजूंना मायाच निघाली. आता मायेनं माझी म्हातारी नेली, हे मी कुणापुढं सांगू?”

केरबाने त्याच्यापुढे हात जोडले. धाकूने ते हात धरून खाली केले.

“हात नको जोडूस. मला एक सांग. एवढी माया होती, तर तोंड का नव्हतं?”

केरबा त्या झोपडीत धाकूबरोबर राहिला. त्याने गावातल्या घरांना औषध वाटलं, होडीच्या शिडाची फाटकी कड शिवून दिली. पण त्या प्रश्नाचं उत्तर त्याला सापडलं नाही.

सगुणा चालण्याजोगी झाल्यावर बापलेक वर निघाले. तिचा हात गळ्यात बांधलेला होता, तेव्हा साज कोण नेणार? केरबाने तो आपल्या पाठीवर घेतला. आयुष्यभर त्याने तो मांडीवर घेऊन शिवला होता. पाठीवर कधी घेतला नव्हता.

पहिली चढण संपायच्या आत त्याला धाप लागली. दुसऱ्या चढणीला खांद्याचे पट्टे मांसात रुतले. पाठीची गादी घामाने भिजून आणखी जड झाली. दोन बकलांपैकी वरचं दर पावलाला छातीच्या हाडावर ठोके देऊ लागलं. ते त्याने स्वतः बसवलं होतं, फार विचार करून.

तो एका दगडावर टेकला. “हे असंच असतं?” त्याने विचारलं.

“हो.”

“दर खेपेला?”

“दर खेपेला, आबा.”

“आणि तू मला एकदाच सांगितलंस.”

“तुम्ही ‘मजबूत झालाय’ म्हणालात,” सगुणा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. “मग पुन्हा सांगायचं धाडस झालं नाही. वाटलं, आबांना दुसरं काही देता येत नाही, ते हेच देतात. ते नको कसं म्हणायचं?”

केरबा पुन्हा उठला. वाट संपेपर्यंत त्याने साज दुसऱ्या कुणाला घेऊ दिला नाही. वाटेत भेटलेला एक गुराखी “द्या इकडं” म्हणाला, तर त्यालाही त्याने नको म्हटलं. “हे मी घातलंय. मलाच वाहू दे.”

पठारावर आल्यावर तो घराकडे वळला नाही, कड्याकडे वळला. सगुणेने त्याला जांभळीची ढोली दाखवली. त्याने आत हात घातला आणि एकेक वस्तू बाहेर काढली. पट्ट्यांचे तुकडे होते, खांद्याच्या गाद्या होत्या, कातड्याचे थर होते, न लावलेल्या कड्या होत्या. काही नवे होते, काहींना बुरशी चढली होती. त्याचे टाके त्याने ओळखले. गवतावर त्यांचा एवढा मोठा ढीग झाला, की केरबा त्याच्यापाशी मटकन बसला.

“एवढा घाबरत होतो होय मी,” तो म्हणाला.

असं तो पहिल्यांदाच बोलला होता. सगुणा त्याच्या शेजारी बसली.

तो हिवाळा त्यांनी दुकानात काढला. या वेळी दार उघडं होतं. केरबाने साज चौरंगावर ठेवला आणि सगळा उसवला, शेवटच्या टाक्यापर्यंत. मग दोघांनी ठरवलं, की एकेक तुकडा हातात घ्यायचा आणि तो का आहे ते दुसऱ्याला सांगायचं. सांगता आलं नाही तर तो तुकडा पुन्हा शिवायचा नाही.

हे ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

पाठीची गादी निघाली. “ही कशासाठी आबा? पाठ तर दुखत नव्हती माझी.”

केरबाने गादीवरून हात फिरवला. मग म्हणाला, “तुझ्या आईच्या श्राद्धाच्या दिवशी भरली ही. काहीतरी करावंसं वाटत होतं. दुसरं काही सुचलं नाही.”

सगुणेने ती गादी बाजूला ठेवली. फेकली नाही, पण साजात परत घातलीही नाही.

थैलीच्या आत एक दुसरं, लहान छत्र होतं, जाड्याभरड्या कापडाचं. सगुणा म्हणाली, “हे काढू या. इतक्या वर्षांत एकदाही उघडावं लागलं नाही. नुसतं ओझं.”

“हे नाही,” केरबा म्हणाला. आणि त्याने तिला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्याचा धाकटा भाऊ उडी घेणारा होता. त्याचं छत्र एका उडीला उघडलं नाही, आणि त्याच्याजवळ दुसरं नव्हतं. सगुणा तेव्हा जन्मलीही नव्हती. केरबा तेव्हा कड्यावरच उभा होता.

सगुणेने ते जाड छत्र पुन्हा हातात घेतलं, पण आता जपून. “मग राहू दे,” ती म्हणाली. “पण हेही रेशमाचं करू या. राहील आणि हलकंही होईल.”

“जमेल,” केरबा म्हणाला. हे त्याला आधी कधी सुचलंच नव्हतं, कारण याबद्दल त्याने कुणाशी बोलणंच केलं नव्हतं.

सगुणेचीही पाळी आली. थैलीच्या बाजूला एक जाडजूड पितळी कडं लटकत होतं. “हे मी घातलेलं नाही,” केरबा म्हणाला.

“पहिल्या उडीला राणीसाहेबांनी दिलं होतं,” सगुणा म्हणाली.

“त्याचं काम काय?”

ती थोडी हसली, थोडी लाजली. “लोकांना दिसावं, एवढंच.” तिने ते सोडून खुंटीवर टांगलं.

मग आला कातड्याचा प्रश्न. सगुणा म्हणाली, की पट्टे कातड्याचे न करता विणलेल्या नवारीचे केले तर अर्ध्याहून हलके होतील. केरबाचं तोंड उतरलं. “नवार खाटेला असते. जिनगर कातडं शिवतो. माझ्या बापानं कातडंच शिवलं.”

“आबा, हे ‘का’चं उत्तर झालं का?”

तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. मग आपणच उठून कोष्ट्याकडे गेला आणि ताग आणि रेशीम एकत्र पिळून घट्ट नवार विणून घेऊन आला. दुकानाच्या तुळईला त्याने ती बांधली, खाली वाळूचं पोतं अडकवलं आणि पोतं उंचावरून सोडलं. हिसका बसला. नवार टिकली. कातड्याचा पट्टा बांधून बघितला, तोही टिकला, पण शिवणीपाशी भोकं पडली तिथे ताणला गेला. केरबाने ती जागा बोटाने चाचपली. “टाक्यांवर टाके घातले की कातडं मजबूत होतं, असं वाटायचं मला,” तो म्हणाला. “इथं तर माझ्याच सुईनं त्याची चाळण केलीय.”

दरवेळी सगुणेचंच खरं ठरलं असं मात्र नाही. छातीवरचं दुसरं बक्कल काढावं, असा तिचा हट्ट होता. त्यांनी पोतं एका बकलावर सोडलं आणि तिरकं सोडलं, तेव्हा बकलाची जीभ निसटली आणि पोतं जमिनीवर आदळून फुटलं. सगळं दुकान वाळूने भरलं. सगुणा वाळू झाडत म्हणाली, “राहू दे ते बक्कल.” केरबाने ते ठेवलं, पण छातीच्या हाडावर ठोके देणार नाही इतकं खाली सरकवलं. ते कुठे बोचतं, हे आता त्याच्या छातीला ठाऊक होतं.

साज पुन्हा शिवून झाला तेव्हा सगुणेने तो एका हाताने उचलला. मोडून सांधलेल्या हाताने. केरबा तिच्याकडे बघत राहिला.

पुढच्या वर्षी पाऊस ओसरला आणि खालून धूर दिसला. वैद्यबाईंनी मडकी मांडली. सगुणेने ती एकामागून एक कमरेला बांधली. फळी रिकामी झाली.

त्या सकाळी केरबाने दुकानाचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि तो लेकीबरोबर कड्यावर आला.

“मला भीती वाटतेय, सगुणा,” तो म्हणाला.

“मलाही वाटते आबा. दरवेळी वाटते.”

“उजव्या खांद्याची शिवण मी काल उसवून पुन्हा घातली. आधीची सैल वाटली.”

तिने ती शिवण चाचपून बघितली. “आणि मी पाण्याचा बुधला काढलाय. खाली नदी आहे. चालेल ना?”

केरबाने विचार केला. “चालेल.”

ती कडेला गेली आणि झेपावली. केरबाने डोळे मिटले नाहीत. छत्र फुलताना त्याने पाहिलं. एक हिसका बसला, तो त्याला आपल्याच अंगात जाणवला. मग ते पांढरं छत्र लहान लहान होत गेलं आणि खाली वाळूत, जिथे उतरायचं तिथेच उतरलं.

त्या वर्षीही ताप आला. त्याला काही कुणी अडवू शकत नाही. पण या खेपेला प्रत्येक घरी औषध तापाच्या मागोमाग पोचलं आणि नदीकाठी कुणाची चूल थंड झाली नाही. धाकू तारी आपल्या होडीतून पलीकडच्या खेड्यांनाही मडकी पोचवून आला.

पुढे त्या राज्यात जिनगरांची एक रीत पडली. साजात एक टाका वाढवायचा असो की एक टाका काढायचा असो, शिवणारा आणि उडी घेणारा समोरासमोर बसत आणि आधी ‘का’ ते एकमेकांना सांगत. कधी कधी तर ‘भीती वाटते म्हणून’ एवढंच उत्तर येई. तेही ऐकून घेत. ते साज वर्षागणिक हलके होत गेले, आणि त्या रीतीनंतर कुणाचा पट्टा असा फाटला नाही, असं जुनी माणसं सांगत.

बोध एवढाच: न सांगता लादलेली मायाही ओझं होते आणि न सांगता उतरवलेलं ओझंही घात करतं, म्हणून भार हलका करायचा तर आधी एकमेकांपाशी मन मोकळं करावं.